जाप्याच्या खोलीची खिडकी

प्रेमकुंवरबाईंनी बांधलेली गाठ सहजी सुटत नसे. सोनगीरहून लग्न होऊन त्या जळगावला आल्या, तेव्हा माहेरच्या गाठोड्याची गाठ सोडता सोडता सासूबाई घामाघूम झाल्या होत्या. "बींदणी, हे बांधलंय की शिवलंय?" त्या म्हणाल्या, आणि जमलेल्या बायका खळखळून हसल्या. पंधरा वर्षांची नवी सून घुंगटाआड लाजली. पण सासरी आपले पहिले नाव झाले ते गाठीवरून, हे तिला मनातून आवडले होते.

शिवणही तसेच. मशीन घरात कधी आले नाही. हातानेच त्यांनी गल्लीभरचे परकर शिवले, धान्याच्या थैल्या शिवल्या, आणि तान्ह्या मुलांची झबली शिवली. झबल्याला गुंडी लावायची नाही, ती कोवळ्या अंगाला रुतते. बंदच लावायचे, आणि तेही असे की आईला एका हाताने सोडता यावेत आणि बाळाला ओढता येऊ नयेत. मारवाड्यांत बाळंतपणाला जापा म्हणतात. गल्लीत कुणाकडे जापा असला की प्रेमकुंवरबाईंना निरोप यायचा. त्यांच्या स्वतःच्या पदरात मात्र एकच मूल राहिले, कुसुमलता. तिच्या आधीची दोन मुले झबल्यात असतानाच गेली होती. त्यांची झबली प्रेमकुंवरबाईंनी कुणाला दिली नाहीत आणि कुसुमलाही घातली नाहीत.

यजमान गौतमचंद यांचे दाणाबाजारात लहानसे किराणा दुकान होते. माणूस बोलायला मऊ, पाय टाकायलाही मऊ. वाटेत मुंग्यांची रांग दिसली की ते थांबत आणि दुसरीकडून जात. जैन स्थानकातून, म्हणजे साधूंच्या उतरण्याच्या जागेतून, आणलेली लोकरीची पूंजणी, म्हणजे जीवजंतू हलकेच बाजूला सारायचा झाडू, दुकानाच्या गल्ल्यापाशी टांगलेली असे. शेजारचे दुकानदार म्हणत, "गौतमचंद शेठच्या दुकानातल्या उंदरांना पेन्शन चालू आहे." ते स्वतःही या थट्टेवर हसत. उंदीर मात्र त्यांनी कधी मारला नाही.

कुसुमला धुळ्याला दिली होती. पंचाहत्तर साली तिला दिवस राहिले, आणि पहिला जापा माहेरी या रीतीप्रमाणे ती भाद्रपदाच्या आधी जळगावला येणार असे ठरले. त्या दिवसापासून प्रेमकुंवरबाईंच्या डोक्यात दुसरा विषय नव्हता. दोन गेली होती, एक राहिली होती, आणि आता ती एक दोन जिवांची होऊन येणार होती. तिला धडधाकट परत पाठवायची, एवढे एकच मागणे घेऊन त्या रोज माळ ओढत.

भीती होती ती हिवतापाची. मध्ये काही वर्षे तो गेल्यासारखा वाटला होता, पण आदल्या पावसाळ्यात पुन्हा आला आणि गल्लीतल्या घराघरांतून माणसे गोधड्या पांघरून कुडकुडली. घरामागून नाला वाहत होता. फवारणीची माणसे पाठीवर पंप घेऊन आली, तेव्हा गौतमचंदांनी त्यांना ओट्यावर बसवले, चहा पाजला आणि हात जोडले.

"भाऊ, आमच्या घरात नको. त्या औषधानं मच्छर मरतात, पाली मरतात, मुंग्या मरतात. आमच्यानं बघवत नाही."

शेजारच्या द्रौपदाबाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. त्यांनी कुंपणापलीकडून हे ऐकले. त्या म्हणाल्या, "शेठजी, तुम्ही मच्छराला सोडाल, पण तो तुम्हाला सोडणार आहे का?"

"मारायचं नाही, बाई. पण येऊही द्यायचं नाही," गौतमचंद म्हणाले. "त्याची काहीतरी तजवीज करतो."

आणि त्यांनी ती केली. जावयाकडून मुंबईहून हिरव्या प्लॅस्टिकच्या जाळीची एक मोठी गुंडाळी मागवली. तेव्हा ती वस्तू गावात नवी होती. गल्लीतल्या बायका येऊन ती बोटांनी चाचपून गेल्या. लोखंडी जाळीसारखी ती हाताला बोचत नव्हती, कापडासारखी दुमडत होती. ती खिडक्यांना बसवायला उखर्डू मिस्त्री आला. चौकटी जुन्या सागाच्या, थेट खिळा ठोकला तर चिरणाऱ्या. म्हणून आधी गिरमिटाने भोक पाडायचे, मग लाकडी पट्टीखाली जाळी दाबून पट्टी स्क्रूने आवळायची, असे काम होते.

उखर्डूने गिरमिट टेकवले की गौतमचंद म्हणत, "थांब." मग ते त्या जागेवरून पूंजणी फिरवत, लाकडावर बोटाच्या पेराने टकटक करत, आणि आत कुणी असेल तर त्याने निघून जावे म्हणून थोडे थांबत. मगच मान हलवत.

"शेठजी," उखर्डू म्हणाला, "एक काम करा. खिडकीले पहिले न्हाऊ घाला, कुंकू लावा, मंग मी भोक पाडस."

"तू थट्टा कर बाबा. पण माझ्या घरात काम करतोयस तर माझ्या पद्धतीनं कर."

"करस ना. माले काय घाई शे? तुमना घरना चहा बी चांगला शे."

असे करत सगळ्या घराच्या खिडक्या झाल्या. राहिली शेवटची, जाप्याच्या खोलीची. घराच्या कोपऱ्यात ही खोली होती आणि गौतमचंदांच्या आजीपासूनचे सारे जापे तिथेच झाले होते. तिच्या एकुलत्या खिडकीतून लिंबाच्या झाडाचा वारा यायचा आणि मुलींच्या शाळेचा रस्ता दिसायचा. उखर्डूने चौकटीच्या उभ्या लाकडाला हात लावला आणि तो थबकला. लाकडात बोट जाईल एवढे गोल भोक होते आणि खाली खिडकीच्या फळीवर पिवळसर भुसा सांडला होता. एवढ्यात एक जाड, काळा भुंगा घोंघावत आला आणि त्या भोकात शिरला.

"दखा शेठजी. आठे भुंगा शे. बठ्ठं लाकूड आतून कोरेल शे."

"आत पिल्लं असतील?"

"शेतस ना. लेकुरवाळी बाई शे ती. पण माले सांगा ते दोन मिनिटमा गिरमिट मारस. भुंगा जाई वर, पट्टी बशी खाले."

गौतमचंदांनी कान लाकडाला लावला. आतली बारीक गुणगुण त्यांना ऐकू आली. ते बराच वेळ तसेच उभे राहिले. प्रेमकुंवरबाई दारात उभ्या होत्या. त्यांना आतून फार वाटले की म्हणावे, मारू दे त्याला गिरमिट. पण घरातल्या लेकुरवाळीसाठी दुसरी लेकुरवाळी मारा, असे म्हणायला जीभ उचलेना.

"पिल्लं उडेपर्यंत थांबू," गौतमचंद म्हणाले. "कुसुमला यायला अजून अवकाश आहे."

पण पिल्ले काही लवकर उडाली नाहीत. मध्येच उखर्डू पेरणीसाठी भडगावकडच्या आपल्या गावी गेला. तो परत आला, तेव्हा आषाढातली चौदस उजाडली होती. चातुर्मास बसायचा दिवस. त्या दिवशी गौतमचंद दरवर्षी स्थानकात जाऊन महाराजांसमोर नियम घेत: कार्तिकी पौर्णिमेपर्यंत घरात खोदणे, कोरणे, ठोकणे असे काही करणार नाही आणि कुणाकडून करवणारही नाही. पावसाळ्यात लाकडामातीत जीव फार असतात म्हणून हा नियम. त्यांच्या वडिलांनी तो जन्मभर पाळला होता.

त्या सकाळी त्यांनी पुन्हा चौकटीला कान लावला. गुणगुण होतीच. ते स्थानकात गेले आणि नियम घेऊन आले. उरलेली जाळी गुंडाळून जाप्याच्या खोलीतल्या पलंगाखाली ठेवली गेली.

"आता कसं करायचं?" प्रेमकुंवरबाईंनी विचारले.

"दुसऱ्या खोलीत ठेव तिला."

पण दुसरी खोली कोणती? पुढच्या खोलीत सामायिकाची, म्हणजे रोजच्या ध्यानपाठाची बैठक, तिथे बाळंतीण चालत नाही. मधली कोंदट, धान्याच्या पोत्यांनी भरलेली. शिवाय कुसुम धुळ्याहून आली ती सरळ त्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. "माझी खिडकी!" ती म्हणाली, आणि गजांना धरून शाळेचा रस्ता बघत राहिली.

प्रेमकुंवरबाईंनी आपले एक जुने लुगडे काढले आणि खिडकीवर ताणून गजांना चारी कोपऱ्यांनी बांधले. त्यांचीच गाठ ती, वाऱ्याने सुटेना. पण पाऊस उघडला आणि जळगावचे ते ओले ऊन तापले. सातवा महिना सरलेला. कुसुम घामाने निथळू लागली.

"जीजी, गुदमरतंय गं. काढ ना ते लुगडं."

"मच्छर येतील बेटा."

"येऊ देत. धुळ्याला काय मच्छर नाहीत? आणि माझ्या भुंग्याला मी दिसत नाही. तो रोज संध्याकाळी मला गाणं म्हणून दाखवतो."

मुलगी श्वासासाठी तोंड उघडून पडली होती. प्रेमकुंवरबाईंना ते पाहवले नाही. स्वतः बांधलेल्या गाठी त्यांनी स्वतःच्या हाताने सोडल्या. वाऱ्याची झुळूक आत आली आणि कुसुमने डोळे मिटले. "आता कसं," ती म्हणाली.

मग मायलेकी दोघी त्या खिडकीशी बसत. प्रेमकुंवरबाई झबली शिवत, बंदांना शेवटचा टाका घालून दाताने दोरा तोडत. कुसुम उरलेल्या चिंध्या गोळा करी आणि शाळेतल्या मैत्रिणींच्या गोष्टी सांगे. पलंगाखाली ती हिरवी गुंडाळी होती. खाली वाकून शिवणाची पाटी ओढताना प्रेमकुंवरबाईंचा हात तिला लागायचा. त्यांना वाटायचे, कार्तिकात उखर्डू येईल तेव्हा लागेल. जाळी म्हणजे मिस्त्रीचे काम, गिरमिटाचे आणि पट्टीचे. घरात ते तसेच आले होते आणि डोक्यातही तसेच बसले होते.

संवत्सरीचा दिवस आला. त्या संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाने प्रत्येकाची वर्षभराच्या चुकांसाठी क्षमा मागायची. गौतमचंद आठ दिवसांच्या उपवासाने वाळले होते. कुसुम वडिलांपुढे हात जोडून उभी राहिली. वाकता येत नव्हते.

"बाबूजी, वर्षभरातल्या चुका एकेक सांगू, की घाऊक माफी देता?"

"आपलं किराणाचं दुकान आहे," गौतमचंद हसून म्हणाले. "घाऊकच देऊ. आणि मलाही दे."

"दिली, बाबूजी. सगळी दिली."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कुसुमला थंडी वाजून आली. घरातल्या साऱ्या गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे थांबेनात. द्रौपदाबाईंनी तिच्या बोटातून रक्त घेतले, काचेवर पसरले, दवाखान्यात नेले आणि त्या हिवतापाच्या कडू गोळ्या घेऊनच परतल्या. त्यांचा चेहरा बघून प्रेमकुंवरबाईंनी लगेच पाण्याचा तांब्या आणला. ताप उतरला, पुन्हा चढला. मुलीचे ओठ पांढरे पडले. मग दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या, आणि जाप्याच्या खोलीत व्हायचा जापा सरकारी दवाखान्यातल्या खाटेवर झाला. डॉक्टरांनी आणि द्रौपदाबाईंनी होते नव्हते ते सगळे केले. मुलगी झाली, मूठभर, पण रडली. कुसुमने ते रडणे ऐकले की नाही, कुणाला सांगता आले नाही. दुपार कलायच्या आत ती गेली.

तान्ह्या मुलीला पदरात गुंडाळून प्रेमकुंवरबाई घरी आल्या. बायका ओट्यावर रडत होत्या. प्रेमकुंवरबाई त्यांच्यामधून वाट काढत आत शिरल्या. जाप्याच्या खोलीत गेल्या, मुलीला पलंगावर ठेवले. खिडकी उघडी होती. त्यांनी पलंगाखालून ती हिरवी गुंडाळी ओढली आणि कात्री घेतली. खिडकीच्या मापाचा तुकडा कापला, त्याच्या चारी कडांना जुन्या लुगड्याची पट्टी दुमडून शिवली आणि पट्टीला ठिकठिकाणी बंद लावले, झबल्याला लावतात तसे. मग एकेक बंद गजांना बांधला. जाळी ताठ बसली. वारा येत होता. लिंबाचे झाड दिसत होते, शाळेचा रस्ता दिसत होता. भोक पाडावे लागले नाही. भुंग्याच्या भोकावर मात्र पट्टी आली होती आणि त्याची वाट अडली होती, म्हणून त्यांनी तो कोपरा उसवून, आत दुमडून पुन्हा शिवला आणि भोक जाळीच्या बाहेर राहील असा बांधला.

शेवटची गाठ मारून झाली तेव्हा त्यांना कळले की आपण काय केले, आणि ते किती सोपे होते. मग त्या खाली बसल्या. दवाखान्यात न आलेले रडू तेव्हा आले, आणि बाहेरच्या बायकांना वाटले की आता कुठे त्यांना समजले.

गौतमचंदांनी जाळी दुसऱ्या दिवशी पाहिली. दारात उभे राहून त्यांनी बंदांवरून नजर फिरवली. एकदा हात पुढे केला, पण बंदाला न लावताच मागे घेतला.  प्रेमकुंवरबाई ते आतून बघत होत्या. त्यांना वाटे, या माणसाने चौकटीला कान लावला, तसा एकदा लेकीच्या छातीला लावायला हवा होता. आणि लगेच वाटे, गाठ सोडली कुणी? सुई कुणाच्या हातात होती? नियम तर त्यांचा होता. माझ्या सुईला कुठला नियम होता? असे दोन्हीकडून कापत जायचे आणि मध्ये बोलायला जागा उरायची नाही.

द्रौपदाबाई एकदा म्हणाल्या, "मच्छर कुठल्या खिडकीतून आला हे कुणी सांगू शकत नाही, शेठजी. ताप ती धुळ्याहूनसुद्धा घेऊन आली असेल." गौतमचंदांनी मान हलवली. पण या सबबीचा आसरा त्यांनी कधी घेतला नाही.

कार्तिकी पौर्णिमा सरली, नियम सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी गौतमचंद स्वतः जाऊन उखर्डूला घेऊन आले. उखर्डूने पिशवीतून गिरमिट काढले आणि खिडकी बघून तो तसाच उभा राहिला. मग त्याने कोपऱ्यातला बंद सैल करून चौकटीवर टकटक केली, भोकात फुंकर मारली. कोरडा भुसा तेवढा उडाला.

"भुंगा ते उडी गया, शेठजी. घर रिकामं शे." त्याने बंदांना बोट लावले. "आते काय करू? हाई काम ते अक्कानी करी टाकेल शे. माना परीस चांगलं."

एरवी यावर तो हसला असता. त्या दिवशी हसला नाही. गिरमिट पिशवीत घातले, चहा नको म्हणाला आणि पायऱ्या उतरला.

जावयाने दुसरे लग्न केले, आणि मुलगी आजोळीच राहिली. प्रेमकुंवरबाई तिला गाईच्या दुधाच्या बोळ्याने वाढवत होत्या. घरात आता हाकच नव्हती. गौतमचंद बायकोला जन्मभर "कुसुमची जीजी" म्हणूनच हाक मारत आले होते. ते नाव आता तोंडातून निघेना, दुसरे सुचेना. पाणी हवे असले तर ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहत. त्या पाणी देत. असे वर्ष गेले.

पुन्हा संवत्सरी आली. स्थानकात वर्षभराच्या दोषांचे प्रतिक्रमण करून गौतमचंद घरी आले. दुकानातल्या नोकराची, शेजाऱ्यांची, द्रौपदाबाईंची क्षमा मागून झाली. मग ते जाप्याच्या खोलीच्या दारात आले. प्रेमकुंवरबाई पलंगावर बसल्या होत्या. मुलगी खिडकीचे गज धरून नुकती उभी राहायला शिकली होती आणि जाळीचे बंद ओढत होती.

गौतमचंद हात जोडून उभे राहिले. संवत्सरीचे ठरलेले शब्द त्यांना येत होतेच. दिवसभरात ते कितीदा म्हणून झाले होते. पण इथे ओठ हलले आणि आवाज आला नाही. 

"प्रेमकुंवर," ते म्हणाले.

लग्नानंतरच्या एवढ्या वर्षांत त्यांनी तिला नावाने हाक मारली नव्हती. 

प्रेमकुंवरबाई उठल्या. त्यांच्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. "तुम्ही एकटे नका मागू," त्या म्हणाल्या. "लुगड्याची गाठ मी सोडली होती. जाळी माझ्या पायाशी होती, सुई माझ्या हातात होती. मलाही नाही सुचलं."

"तुला कसं सुचणार? मी तुला मिस्त्रीची वाट बघायला लावली."

"आणि मी बघत बसले."

दोघे तसेच हात जोडून उभे होते. कोण कुणाला क्षमा करतो आहे हे त्यांना समजत नव्हते, आणि जी करू शकली असती ती तिथे नव्हती. तिने मागच्या वर्षीच सगळी देऊन टाकली होती. हे दोघांनाही एकदमच आठवले. गौतमचंद चौकटीला टेकून खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. प्रेमकुंवरबाईंनी त्यांना रडू दिले.

मुलीने तेवढ्यात एक बंद तोंडात घातला. प्रेमकुंवरबाई वळल्या, तो तिच्या तोंडातून काढला, पदराने पुसला. वर्षभराच्या ओढाताणीने बंद झिजून दोरा दिसू लागला होता.

"नवे लावायला हवेत," गौतमचंद डोळे पुसत म्हणाले. "पांढरं कापड आणू का बाजारातून?"

"आणा," त्या म्हणाल्या. "जाडं आणा."

त्यानंतर दर आषाढात, चातुर्मास बसायच्या आधी, प्रेमकुंवरबाई त्या खिडकीचे बंद बदलत. जाळी कोपऱ्यात ताणून धरायला गौतमचंद उभे राहत, आणि त्या एकेक गाठ मारत जात. आधी मात्र ते चौकटीला कान लावून बघत. आत कुणी असो वा नसो, भोकाचा कोपरा तेवढा जाळीबाहेर मोकळा ठेवत.